भर दुपारचा खो-खो आणि मुलींचे चेहरे

फेब्रुवारीचा दुसरा आठवडा. परळ-लालबाग भागातल्या एका मैदानावर आंतरशालेय खो-खोच्या किशोरी गटाचा, म्हणजे १४ वर्षांखालच्या मुलींचा, अंतिम सामना होता. ठरलेली वेळ सकाळी साडेनऊची. आधीचे सामने लांबत गेले, एक संघ लोकलच्या गोंधळात अडकला, आणि नाणेफेक झाली तेव्हा सव्वाबारा वाजले होते. आभाळात ढगाचा तुकडा नाही, मैदानावर झाड नाही.

मला बोलावलं होतं एका शाळेच्या क्रीडाशिक्षिका बाईंनी, आणि कामही अगदी नेमकं सांगितलं होतं. मोबाइलवर मागच्या वर्षीचे फोटो पुढे करत त्या म्हणाल्या, "दादा, पोरी जिंकल्या होत्या. पण बघा, एकीचे तरी डोळे दिसतायत का? यातली आपली पोरगी कुठली, असं आईबाप मलाच विचारतात."

ते फोटो ज्याने कोणी काढले त्याला खेळ कळत होता. क्षण बरोबर पकडलेले होते, फोकस जागेवर होता. पण भुवयांखाली काळे खड्डे, नाकाची सावली ओठांवर उतरलेली, आणि पिवळ्या गणवेशाच्या खांद्यांवर रंग पार उडालेला. दुपारच्या उन्हात मैदानी खेळ टिपणाऱ्या बहुतेकांच्या फोटोंत हेच दिसतं, आणि बहुतेकजण त्यावरचा उपाय कॅमेऱ्याच्या बटणांत शोधतात. माझं म्हणणं असं की हा प्रश्न आधी बसायच्या जागेचा आहे, आणि खो-खोत ती जागा खेळाचे नियमच सांगतात. या सामन्यात ते कसं जमलं, ते तपशिलाने लिहितो.

ऊन नेमकं कुठून येत होतं

मुंबई १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. इथे सूर्य खरोखर डोक्यावर येतो तो वर्षातून दोनदा, मेच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस. फेब्रुवारीत तो दुपारीसुद्धा दक्षिणेला कललेला असतो. या सामन्याच्या वेळी क्षितिजापासून सुमारे ५५ अंशांवर होता. शिवाय आपलं घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाचं आणि मुंबई ७३च्या जवळ, त्यामुळे फेब्रुवारीत इथली खरी मध्यान्ह बारा वाजून पन्नास मिनिटांच्या पुढे होते. म्हणजे सव्वाबाराला सूर्य अजून चढत होता आणि दक्षिणेच्या किंचित पूर्वेला होता. मुलींच्या सावल्या साधारण मीटरभर लांबीच्या, उत्तरेकडे पडलेल्या. आपल्याला वाटतं ऊन डोक्यावर आहे. सावली मात्र नेमकी दिशा सांगते, आणि ती बघायला कुठलं अ‍ॅप लागत नाही.

"सूर्य आपल्या पाठीशी ठेवा" हा सल्ला सकाळी नऊला आणि दुपारी साडेचारनंतर अगदी योग्य. तेव्हा ऊन तिरपं येतं, भुवईखाली शिरतं आणि डोळ्यांत चमक आणतं. ५५ अंशांवरून येणारं ऊन भुवईवरच अडतं. त्यात खो-खोतली आक्रमक, म्हणजे पाठलाग करणारी, मुलगी सरळ उभी राहून पळत नाही. कमरेत वाकून, मान खाली घालून पळते. कपाळ लख्ख आणि डोळे अंधारात, हे मग ठरलेलंच.

नियमांत दडलेली जागा

मैदान पूर्व-पश्चिम आखलेलं होतं. दोन्ही खांब पूर्वेला आणि पश्चिमेला, मधल्या पाटीवर आठ चौकोन. शेजारशेजारच्या दोघींची तोंडं विरुद्ध दिशांना असतात, म्हणजे आठांपैकी चौघी उत्तरेकडे तोंड करून बसलेल्या आणि चौघी दक्षिणेकडे. दक्षिणेकडे तोंड असलेल्या चौघींच्या चेहऱ्यावर वरून ऊन. उत्तरेकडे तोंड असलेल्या चौघींच्या पाठीवर ऊन आणि चेहरा स्वतःच्याच सावलीत. ती सावली एकसारखी, मऊ. तिच्यात डोळे दिसतात.

पुढचा भाग खेळणाऱ्याला सवयीने माहीत असतो, फोटो काढणारा त्याचा विचार क्वचित करतो. खो मिळाला की मुलगी जिकडे तोंड आहे तिकडेच उठते. मधली पाटी ओलांडायची तिला मुभा नाही. एकदा दिशा घेतली की खांबापर्यंत मागे वळता येत नाही. खो द्यायचा तो बसलेलीच्या पाठीमागून. हे चार नियम एकत्र ठेवून बघा. उत्तरेला उठलेली मुलगी उत्तरेच्याच भागात पळणार आणि खो देणार तो दक्षिणेकडे तोंड असलेल्या मुलीला, कारण तिचीच पाठ तिच्या बाजूला आहे. खो दिला की तिच्या जागी बसायचं, म्हणजे आता हिचं तोंड दक्षिणेला. पुढच्या वेळी ती दक्षिणेला उठेल, दक्षिणेत पळेल आणि उत्तरेकडे तोंड असलेल्या चौकोनात जाऊन बसेल. खांबाला वळसा घातला नाही तर प्रत्येक मुलगी आळीपाळीने एकदा इकडे, एकदा तिकडे येते.

बाईंची खरी काळजी हीच होती. "एका बाजूला बसलात तर निम्म्या पोरी राहतील ना?" राहत नाहीत. उत्तर बाजूला बसलं तर पाळीच्या सात मिनिटांत जवळजवळ प्रत्येकीचा चेहरा समोरून मिळतो, आणि तोही सावलीतला.

आणखी एक फायदा. उत्तरेकडे तोंड असलेलीला खो मिळतो तेव्हा देणारी तिच्या मागे, दक्षिणेच्या बाजूला असते. तिचं तोंड आपल्याकडे, उठणारीचंही आपल्याकडे. "खो" म्हणणारं उघडं तोंड आणि उठणारीचे ताठरलेले डोळे, एका चौकटीत. दक्षिणेकडे तोंड असलेलीला खो मिळतो तेव्हा आपल्याला एकीची पाठ आणि दुसरीचा कान दिसतो. म्हणून मी फक्त चार चौकोनांवर लक्ष ठेवलं. बाकी चार चौकोनांवरचे खो घडू दिले, कॅमेरा खाली ठेवून.

वायव्य कोपरा

उत्तर बाजू ठरली, पण त्या लांब बाजूवर नेमकं कुठे? इथे तीन गोष्टींनी कौल दिला.

पहिली धूळ. मुंबईत फेब्रुवारीच्या दुपारी समुद्रावरचं वारं सुरू झालं की ते पश्चिमेकडून येतं. पूर्वेच्या टोकाला बसलो असतो तर मैदानभरची लाल धूळ लेन्सवर आली असती. पश्चिमेच्या टोकाला बसलं की वारं पाठीवर आणि धूळ पुढे, मुलींच्या मागे. तिथे मागून ऊन लागलं की तीच धूळ सोनेरी दिसते.

दुसरी गोष्ट पार्श्वभूमी. पाहुण्यांचा शामियाना दक्षिण बाजूला होता आणि त्याचं तोंड उत्तरेकडे, त्यामुळे आत गडद सावली. त्या काळोखावर उन्हाने उजळलेले केस आणि खांदे उठून दिसतात. शामियाना उत्तरेला असता तर मला मागे भाजलेलं मैदान आणि पत्र्याचं कुंपण मिळालं असतं, आणि मग हा सगळा बेत निम्म्याने फसला असता. जागा ठरवताना पार्श्वभूमीला मी उजेडाच्या बरोबरीचं स्थान देतो.

तिसरी गोष्ट पंच. दोन पंचांपैकी एक उत्तर बाजूला सतत मागेपुढे होत असतो आणि मधोमध बसलेल्याच्या आड हमखास येतो. कोपऱ्यात तो त्रास कमी. शिवाय पश्चिमेचा खांब अगदी समोर. खांबाजवळचा सूर हा या खेळातला सगळ्यात देखणा क्षण.

पूर्वेचा खांब मी सोडून दिला. तिथे झालेले बाद माझ्याकडे नाहीत. एका माणसाला एका कॅमेऱ्याने दोन्ही खांब नीट टिपता येत नाहीत, आणि धावत जागा बदलणाऱ्याचे दोन्हीकडचे क्षण हुकतात. बाईंना हे आधीच सांगून ठेवलं होतं.

मैदानाभोवतीची दीड मीटरची लॉबी सोडून आणखी चारेक मीटर मागे बसलो. सूर मारलेली मुलगी घसरत कुठवर येईल याचा भरवसा नसतो, आणि तिच्या वाटेत कॅमेऱ्याचा स्टँड किंवा बॅग असणं धोक्याचं आहे. स्टँड नेलाच नव्हता. पंचांना आधी विचारलं, त्यांनी बोट दाखवलं तिथेच बसलो. लेन्स ७०-२०० मिलिमीटरची, तीही पुरून उरली. खो-खोला क्रिकेटसारखी लांबलचक लेन्स लागत नाही.

मातीचा उजेड

मुलींच्या चेहऱ्यावर सावली होती, पण अंधार नव्हता. त्याचं कारण खालची माती. कोरडी लाल माती उन्हाचा बराच भाग वर परतवते, आणि वाकून पळणाऱ्या मुलीचा चेहरा जमिनीच्या जवळ, तिच्याकडेच वळलेला असतो. फ्लॅशची गरज तिथेच संपते. तसाही चौदा वर्षांच्या मुलीच्या डोळ्यांवर ऐन खेळात फ्लॅश मारणं मला मान्य नाही.

मातीचे दोन गुण मात्र सांभाळावे लागतात. एक, ओली माती कोरडीपेक्षा गडद असते. धूळ बसावी म्हणून सामन्याआधी पाणी मारलं होतं, त्यामुळे पहिल्या पाळीत परतणारा उजेड कमी होता. ऊन इतकं की दुसऱ्या डावापर्यंत जमीन पांढुरकी पडली आणि चेहरे आपोआप उजळले. दोन, लाल मातीवरून आलेला उजेड लालच असतो. हनुवटीखाली नारिंगी झाक येते. व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्याचा रंगांचा तोल, ऑटोवर ठेवला तर कॅमेरा चौकटभर लाल माती बघून सगळंच निळ्या-हिरव्याकडे ढकलतो आणि चेहरे राखाडी, आजारी दिसतात. म्हणून तो दिवसाच्या उजेडावर पक्का ठेवला. हनुवटीखालची झाक नंतर थोडी उतरवली. पूर्ण काढली नाही. लाल मातीत खेळणाऱ्या पोरीच्या चेहऱ्यावर ती असतेच.

आता आकडे. भर उन्हाचा जुना ठोकताळा असा की एफ/१६वर (एफ म्हणजे लेन्सचं तोंड किती उघडं ते; आकडा लहान तितकं तोंड मोठं) शटरचा वेग आयएसओच्या, म्हणजे कॅमेऱ्याच्या उजेड टिपायच्या संवेदनशीलतेच्या, आकड्याइतका ठेवायचा. आयएसओ २००ला १/२००, तेच एफ/५.६वर १/१६००. हे झालं उन्हात असलेल्या गोष्टीसाठी. मला चेहरा हवा होता आणि तो सावलीत, म्हणून त्याहून सुमारे पावणेदोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट) जास्त उजेड घेतला: एफ/४, १/१६००, आयएसओ ३२०. पहिल्या पाळीत माती ओली होती तेव्हा आयएसओ ४००. हे ठरवायला सामन्याआधी एका राखीव खेळाडूला उत्तरेकडे तोंड करून, किंचित वाकून उभं राहायला सांगितलं आणि तिच्या गालावर उजेड बघितला. उन्हात कॅमेऱ्याचा मागचा पडदा धड दिसत नाही. त्यावर विसंबण्यापेक्षा डोळा लावायच्या खिडकीतच फोटो आणि त्याचा उजेडाचा आलेख तपासलेला बरा.

सगळं मॅन्युअलवर. एक संघ पिवळ्या गणवेशात, दुसरा गडद निळ्या. कॅमेऱ्यावर सोपवलं असतं तर चौकटीत पिवळा जास्त आला की त्याने फोटो काळपट केला असता आणि निळा जास्त आला की फटफटीत. ऊन बदलत नव्हतं, माती हळूहळू बदलत होती. गणवेश मात्र प्रत्येक क्षणी बदलत होता. त्यावर उजेड ठरू देणं चूक.

केसांच्या कडा आणि खांद्यांवरचा एक पट्टा या मापात पांढरा होतो. होऊ दिला. फक्कीच्या रेषाही पांढऱ्या झाल्या. कोणाच्याही आईने खांद्याच्या शिलाईचा तपशील मागितलेला नाही.

एफ/२.८ का नाही, असं एका पालकांनी विचारलं, कारण लेन्स तेवढी उघडते. खो देणारी आणि घेणारी यांच्या चेहऱ्यांत पुढे-मागे हातभर अंतर असतं. दहा मीटरवर एफ/४ला मीटरभराच्या आतबाहेर भाग स्पष्ट येतो, दोघी त्यात बसतात. त्याहून उघडं केलं की एक मुलगी धूसर, आणि त्या फोटोत दोघींचा हक्क सारखा आहे.

कॅमेरा किती खाली

हा भाग तंत्राचा कमी आणि मोठ्या माणसाच्या जबाबदारीचा जास्त आहे. चौकोनात बसलेली मुलगी उकिडवी असते, उठायच्या तयारीत. जमिनीला टेकवून कॅमेरा धरला तर मातीचा उजेड चेहऱ्यावर सगळ्यात छान दिसतो. पण समोर उकिडव्या बसलेल्या किशोरवयीन मुली आहेत आणि तो कोन त्यांच्यासाठी योग्य नाही. म्हणून कॅमेरा गुडघ्याच्या उंचीच्या खाली नेला नाही, आणि बटण दाबलं ते मुलगी उठायला लागल्यावर. जे फोटो संकोच आणतील असे वाटले ते मैदानातच पुसले, घरी नेलेच नाहीत. निवड करायला बाईंना शेजारी बसवलं. स्त्री शिक्षिकेची नजर तिथे माझ्या नजरेपेक्षा जास्त खरी.

दोन्ही शाळांनी पालकांची लेखी संमती आधी घेतलेली होती. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालच्या व्यक्तीला बालक धरलं आहे आणि तिच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येण्याजोगी संमती मागितली आहे. कायदा नसता तरी मी हेच केलं असतं. फोटोखाली मुलीचं पूर्ण नाव, शाळा आणि इयत्ता एकत्र छापू नका, एवढं मात्र दोन्ही शाळांना सांगितलं.

सामना

पिवळ्या संघाने आक्रमण घेतलं. पहिल्या तुकडीतल्या तिघींपैकी एक संरक्षक कमालीची चपळ होती; साखळी धरून, म्हणजे बसलेल्यांमधून नागमोडी पळत, एकेका चौकोनाच्या कडेने वळत होती आणि प्रत्येक वळणाला मान मागे टाकून आक्रमक कुठे आहे ते बघत होती. मान मागे वळली की तिचाही चेहरा सावलीत येई. तिचे फोटो दुसऱ्या शाळेचे. पण ते त्या दिवसाचे सर्वांत बोलके फोटो आहेत.

पश्चिमेच्या खांबाजवळचा सूर दुसऱ्या डावात मिळाला. उत्तरेला उठलेली मुलगी पश्चिमेकडे निघाली, म्हणजे तिला खांबापर्यंत यावंच लागणार होतं, नाहीतर वाटेत खो द्यावा लागणार होता. तिच्यापुढे दोन चौकोनांवर दक्षिणेकडे तोंड असलेली मैत्रीण होती, तिला तिने वगळलं. त्याच क्षणी मी खांबाच्या पुढच्या हातभर जागेवर फोकस नेऊन थांबलो. एका हाताने खांब धरून तिने अंग झोकून दिलं. फोटोत तिचा चेहरा जमिनीपासून हातभर वर आहे, दात आवळलेले, डोळे उघडे, आणि मातीचा लालसर उजेड थेट डोळ्यांत. शामियान्याच्या काळोखावर तिच्या मागून उडालेली धूळ. नियम माहीत नसता तर मी वगळलेल्या मैत्रिणीकडे कॅमेरा धरून बसलो असतो.

या मुलींना प्रियांका इंगळेचं नाव पाठ आहे. २०२५च्या जानेवारीत दिल्लीत झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात तिच्या नेतृत्वाखाली भारतीय मुलींनी नेपाळला हरवून अजिंक्यपद मिळवलं. ते सामने बंदिस्त क्रीडागारात, मॅटवर, वरून एकसारखा प्रकाश. शालेय खो-खो अजून मातीत आहे, उन्हात आहे, आणि या सामन्यात निम्म्या मुली अनवाणी होत्या. पाळी संपली की त्या शामियान्याच्या सावलीत पळत होत्या ते तळवे भाजत होते म्हणून. किशोरी गटाचा सामना साडेअकरानंतर सुरू करू नये, उशीर झाला तर सरळ संध्याकाळवर ढकलावा, हे मी आयोजकांना त्याच दिवशी सांगितलं आणि इथेही तितक्याच ठामपणे लिहितो. भर दुपारी चांगला फोटो निघतो, म्हणून भर दुपारी खेळवणं योग्य ठरत नाही.

नंतरचं काम

रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये, काढलेलं असल्याने चेहरे आणखी थोडे उचलता आले. उचलले ते त्वचेचा स्वतःचा रंग नीट दिसेपर्यंतच. बहुतेक मुली सावळ्या, काही चांगल्या काळ्यासावळ्या. मोबाइलमधली सजावटीची अ‍ॅप्स चेहरा शोधून आपोआप गोरा करतात. त्यात घामाची चमक जाते, गालावरची माती जाते, आणि मुलगी कोणीतरी दुसरीच होते. उजेड वाढवणं आणि रंग बदलणं यांत फरक आहे. शाळेच्या फलकासाठी छापणाऱ्यालाही तसं लिहून दिलं, कारण तिथे पुन्हा कोणीतरी "जरा ब्राइट" करतं.

दोन पालक मोबाइलवर फोटो काढत होते, त्यांनाही उत्तर बाजूला बोलावून घेतलं. चेहऱ्यावर बोट टेकवायचं, उजेडाची पट्टी वर सरकवायची, आणि एकामागून एक फोटो घेणारं बटण दाबून धरायचं. त्यांच्या फोटोंतही डोळे आले.

त्याच मैदानावर साडेचारला मुलांचा सामना होता. तोवर सूर्य पश्चिमेला २७ अंशांपर्यंत उतरला होता आणि ऊन भुवयांखाली शिरत होतं. मग मी नैर्ऋत्य कोपऱ्यात गेलो, सूर्य खांद्यामागे घेतला, आयएसओ २००वर आणला, आणि या वेळी पाळत ठेवली दक्षिणेकडे तोंड असलेल्या चौकोनांवर.